आधी खिडकी, मग काच

पुण्यात कसब्यातल्या एका वाड्याच्या चौकात मी एकदा अख्खा रोल संपवला होता. कॅमेरा माझाच, फिल्मचा, रेंजफाइंडर. लेन्स मात्र मित्राची, दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली. २८ मिमी, एफ/१.४, हातात घेतली की छोट्या तांब्याएवढी भरायची. रोल धुऊन आला, काँटॅक्ट शीट भिंगाखाली धरली, आणि अकरा फोटोंत उजवीकडे खाली एक प्लॅस्टिकची बादली निघाली. चौकातल्या नळाखाली कुणीतरी ठेवलेली. फोटो काढताना ती मला एकदाही दिसली नव्हती. दिसणार तरी कशी? खिडकीचा तोच कोपरा लेन्सच्या जाड नळीने आणि तिच्यावरच्या हूडने झाकलेला होता.

रेंजफाइंडर कॅमेऱ्यासाठी छोटी वाइड लेन्स कोणती घ्यावी, हा प्रश्न माझ्यापुरता त्या बादलीपासून सुरू झाला. एसएलआर कॅमेऱ्यात आपण लेन्समधूनच बघतो, त्यामुळे लेन्स कितीही मोठी असली तरी ती स्वतःच्याच आड येत नाही. रेंजफाइंडरमध्ये डोळा एका खिडकीतून बघतो आणि लेन्स तिच्या खाली, बाजूला बसलेली असते. खिडकीत प्रकाशाच्या रेघांची चौकट दिसते, मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो, आणि फोकसची कडी फिरवली की त्या चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर येऊन बसतात. लेन्स जाड किंवा लांब झाली की ती चौकटीचा खालचा उजवा कोपरा खाते. ५० मिमीच्या चौकटीत हे फारसं जाणवत नाही, कारण चौकट खिडकीच्या मध्यभागी असते. वाइड लेन्सची चौकट मोठी, कडेपर्यंत गेलेली, म्हणून तिथे हा त्रास सगळ्यात जास्त. रेंजफाइंडरवर वाइड लेन्स लहान हवी ती एवढ्यासाठी. खिशात मावणं, वजन कमी असणं हे फायदे आहेतच, पण ते नंतरचे. जुन्या हूडना खाचा आणि भोकं का पाडत, तेही खिडकीतून एकदा बघितलं की कळतं.

लहान लेन्स करायला या कॅमेऱ्यात जागाही मुळातच अनुकूल आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा ठेवावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी आहे. आता २८ मिमीच्या लेन्सला फिल्मपासून २८ मिमीच्या आसपास बसायचं असेल, तर बसणार कुठे? तिथे तर आरसा. म्हणून एसएलआरच्या वाइड लेन्समध्ये पुढे एक मोठं अंतर्वक्र भिंग बसवून प्रतिमा मागे ढकलावी लागते. फ्रान्समध्ये पियेर आंजेन्यू यांनी १९५० साली अशी ३५ मिमीची लेन्स काढली आणि तिला दिलेलं ‘रेट्रोफोकस’ हे नाव पुढे त्या सगळ्या रचनेलाच चिकटलं. युक्ती हुशार, पण तिच्यामुळे लेन्स मोठी होते आणि सरळ रेघा वाकू नयेत म्हणून आणखी काचा घालाव्या लागतात.

रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही. लायकाच्या एम माउंटपासून फिल्म अवघी २७.८ मिमीवर आहे. त्यामुळे लेन्सचं मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं, आणि मधल्या ॲपर्चरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारख्या काचा ठेवून लेन्स बांधता येते. अशा सममित रचनेत पुढच्या अर्ध्याने केलेलं वाकडं मागचा अर्धा सरळ करतो. दाराची चौकट, खिडकीचे गज, पायऱ्या फोटोत सरळच राहतात. लेन्स छोटी होते ती याच रचनेमुळे, आणि रेघा सरळ राहतात त्याही याच रचनेमुळे. एकच गोष्ट दोन्ही कामं करते, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं.

सुरुवातीच्या लेन्स बघितल्या तर हे चटकन पटतं. वेट्झलारच्या लाइट्स कंपनीने ऑस्कर बर्नाकचा लायका १९२५ साली बाजारात आणला. १९३० साली त्याच्यासाठी ३५ मिमी एफ/३.५ एल्मार आली. ती इतकी चपटी की कॅमेऱ्याला लावल्यावर लेन्स लावली आहे की झाकण, असा प्रश्न पडावा. १९३५ साली २८ मिमीची हेक्टर आली, एफ/६.३. झाइसने काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी २८ मिमीचीच टेसार केली होती, एफ/८. आज एफ/८ म्हटलं की लोक हसतात, पण त्या काळी ७५ अंशांचं दृश्य एका खिशातल्या कॅमेऱ्यात मावणं हेच मोठं होतं. झाइससाठी लुडविग बेर्टेले यांनी बिओगॉन या नावाने ३५ मिमी एफ/२.८ केली आणि युद्धानंतर, १९५४ साली, त्याच नावाची २१ मिमी एफ/४.५. ही २१ बघितलेल्या माणसाला तिचं मागचं भिंग विसरता येत नाही. ते कॅमेऱ्याच्या पोटात जवळजवळ शटरपर्यंत जातं.

या रचनेची किंमत कोपऱ्यांत मोजावी लागते. प्रकाश जितका तिरका येईल तितका तो फिल्मवर मंद पडतो. निव्वळ भूमितीचा हिशेब केला तर ३५ मिमीच्या कोपऱ्यात मध्यापेक्षा सुमारे एक स्टॉप कमी प्रकाश पोचतो, २८ला सव्वा ते दीड, आणि २१ला दोन स्टॉपच्या थोडा वर. प्रत्यक्षात लेन्सच्या रचनेनुसार हे कमीजास्त होतं. निगेटिव्ह फिल्म हे पोटात घालते. छपाईत कोपरे जरा उजळले की झालं. स्लाइड फिल्म माफ करत नाही. २१ने निळं आकाश स्लाइडवर घेतलं की कोपरे शाईत बुडवल्यासारखे येतात.

पण तिरका किरण फिल्मवर पडला तर त्याचा रंग बदलत नाही. डिजिटल सेन्सरवर बदलतो. सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर एक सूक्ष्म भिंग असतं, त्याला किरण शक्यतो सरळ आलेले हवे असतात. जुन्या सममित वाइड लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्या की कडा जांभळट होतात, कोपरे पसरट होतात. म्हणून गेल्या पंधरावीस वर्षांत बऱ्याच वाइड लेन्स सेन्सरच्या सोयीसाठी नव्याने आखल्या गेल्या आणि त्या वाढल्या. कोसिनाने फोक्टलेंडर या नावाखाली काढलेली १५ मिमी एफ/४.५ हे ठळक उदाहरण. १९९९ची पहिली आवृत्ती बोटभर होती. सेन्सरचा विचार करून केलेली तिसरी आवृत्ती अंगाने बरीच भरली. फिल्म वापरणाऱ्याने ही वाढ कशासाठी सोसायची? ज्या लेन्स डिजिटलवाल्यांनी नाकारल्या, त्या फिल्मवर आजही पूर्ण ताकदीने चालतात. लेन्स निवडताना संगणकावरच्या चाचण्या वाचायच्या असतील, तर त्या कशावर केल्या आहेत हे आधी बघावं. सेन्सरवर नापास झालेली लेन्स फिल्मवर पहिल्या नंबराने पास झालेली मी पाहिली आहे.

आता खिडकीकडे येतो, कारण माझ्या मते निवड इथूनच सुरू व्हायला हवी. बहुतेक जण उलटं करतात. आधी लेन्सच्या प्रेमात पडतात आणि ती लावल्यावर कळतं की कॅमेऱ्यात तिची चौकटच नाही.

लायका एम ३, १९५४. खिडकी ०.९१ पट, म्हणजे जवळपास डोळ्याला दिसतं तेवढंच. उजवा डोळा खिडकीला लावून डावा उघडा ठेवला तर रिकाम्या हवेत चौकट तरंगल्यासारखी वाटते. पण त्यात ५०, ९० आणि १३५ एवढ्याच चौकटी. ३५ मिमीसाठी लाइट्सला लेन्सवरच चष्मा चढवावा लागला. दोन छोट्या काचांची ती जोडणी खिडकीसमोर येते आणि ५०च्या चौकटीत ३५चं दृश्य दाखवते. चालतं छान, पण लहानपणा संपला. पुढे आलेल्या एम २मध्ये खिडकी ०.७२ पट केली आणि ३५ची चौकट आत आली. २८ची चौकट लायकात यायला १९८०च्या सुमारास आलेल्या एम ४-पीपर्यंत थांबावं लागलं. १९८४च्या एम ६मध्येही तीच मांडणी राहिली.

मी चष्मा लावतो. ०.७२च्या खिडकीत ३५ची चौकट मला चारही बाजूंनी, थोडी ओढाताण करून, एकदम दिसते. २८ची दिसत नाही. डोळा डावीकडे सरकवून डावी कड बघायची, मग उजवीकडे सरकवून उजवी. चष्मा असलेल्या प्रत्येकाने दुकानात हे करून बघावं. लेन्सची काच तपासण्याआधी हे तपासावं. ज्यांना २८च हवी आणि चष्माही आहे, त्यांच्यासाठी दुसरे कॅमेरे आहेत. एम ६ टीटीएलची ०.५८ खिडकीची आवृत्ती. कोनिका हेक्सार आरएफ, ०.६. कोसिनाने बांधलेला झाइस इकॉन, ०.७४, पण त्याची खिडकी इतकी मोठी आणि लख्ख की आकड्यावर जाऊ नये. आणि कोसिनाचाच बेसा आर ४, अवघा ०.५२, ज्याच्या खिडकीत २१, २५, २८, ३५ आणि ५० अशा चौकटी आहेत. वाइडसाठीच बांधलेला असा दुसरा रेंजफाइंडर नाही. त्याची फोकसची अचूकता कमी आहे हे खरं, कारण दोन खिडक्यांमधलं अंतर ३७ मिमी आणि त्यातही दृश्य निम्म्याने लहान केलेलं. पण वाइड लेन्सला तेवढी पुरते. त्यावर ९० लावायच्या भानगडीत पडू नये.

मिनोल्टाचा सीएलई वेगळा सांगायला हवा. लाइट्स आणि मिनोल्टा यांनी मिळून १९७३ साली लायका सीएल काढला, आणि पुढे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिनोल्टाने एकट्याने सीएलई काढला. एम माउंट, छोटं अंग, आपोआप शटर ठरवणारं मीटर, आणि खिडकीत २८, ४० आणि ९० या तीन चौकटी. २८ची चौकट डोळ्यांत मावते. छोटा कॅमेरा आणि छोटी वाइड यांची इतकी जमलेली जोडी पुन्हा कुणी केली नाही. दुःख एवढंच की त्याचं सगळं काम इलेक्ट्रॉनिक्सवर चालतं आणि आता त्याचे सुटे भाग मिळणं कठीण.

खिडकीत चौकट नसेल तर कॅमेऱ्याच्या डोक्यावर वेगळा फाइंडर बसवता येतो. २१साठी तर बहुतेकांना तोच मार्ग. त्यातून दृश्य स्वच्छ, मोठं, तेजस्वी दिसतं. पण फोकस एका खिडकीत, चौकट दुसऱ्या खिडकीत. आणि जवळचं माणूस घेताना डोक्यावरचा फाइंडर आणि लेन्स यांच्या नजरेत फरक पडतो, कारण आतली चौकट फोकसबरोबर सरकते, वरची सरकत नाही. २१साठी ही कसरत मला मान्य आहे. २८साठी रोज करायची असेल तर कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की लेन्स कपाटात जाते.

मग ३५ की २८? तिरप्या मापाने ३५चा कोन ६३ अंशांच्या आसपास, २८चा ७५. आकड्यात बारा अंशांचा फरक, हातात मात्र दोन वेगळ्या सवयी. ३५ने उभ्याउभ्या फोटो निघतो. जिथे आहात तिथून समोरचा माणूस आणि त्याच्या मागचं दुकान दोन्ही येतात. २८ला एक पाऊल पुढे टाकावं लागतं, नाहीतर फोटोत नुसता रस्ता येतो. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांनी लायका एम ४वर २८ लावून जे केलं, ते त्या पुढच्या पावलाचं काम आहे. आपल्याकडे वारीत, बाजाराच्या गल्लीत, बोहल्यापाशी, जिथे मागे सरकायला जागाच नसते, तिथे २८ कामाला येते. माझी शिफारस अशी: पहिली वाइड ३५ घ्या, वर्षभर तीच वापरा. काँटॅक्ट शीटवर वारंवार कडेचं काहीतरी कापलं गेलेलं दिसलं, तर २८कडे जा. वारंवार मधलाच भाग कापून छापावासा वाटला, तर तुम्हाला वाइड नको, ५०च हवी. २१ ही रोजची लेन्स नाही. ती घराच्या आतल्या भागासाठी, देवळाच्या सभामंडपासाठी, आणि ज्याला ती खरोखर दिसते अशा डोळ्यासाठी.

३५मध्ये निवड सर्वांत मोठी. लायकाची ३५ मिमी समिक्रॉन एफ/२ पहिल्यांदा १९५८ साली आली, आठ काचांची. तिची चौथी आवृत्ती १९७९ची, वॉल्टर मांडलर यांनी आखलेली, सात काचांची. फोकसबाहेरचा भाग फार मऊ येतो म्हणून चाहत्यांनी तिला ‘बोकेचा राजा’ म्हटलं आणि त्या नावाने तिची किंमत चढवली. लेन्स उत्तमच आहे, दीडेकशे ग्रॅमची, एफ/४ला अतिशय रेखीव. पण नावासाठी दिलेले पैसे फोटोत दिसत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी कोसिनाची ३५ मिमी कलर-स्कोपार एफ/२.५ हातात घेऊन बघावी. एम माउंटची आवृत्ती १३४ ग्रॅम, माउंटपासून २३ मिमी बाहेर. पूर्ण उघडी असतानाही मध्यभाग कणखर, रेघा सरळ, ३९ मिमीचा फिल्टर. खिडकीचा कोपरा जवळपास मोकळा. वर्षानुवर्षं लोक तिला ‘स्वस्तातली’ म्हणत आले, आणि त्या शब्दामुळेच ती अनेकांच्या नजरेतून सुटली. रेंजफाइंडरचं रूप जसं असायला हवं तशी ती आहे. झाइसची सी-बिओगॉन ३५ मिमी एफ/२.८ तिच्यापेक्षा थोडी मोठी, दोनशे ग्रॅमची, पण रेघेच्या सरळपणात आणि काँट्रास्टमध्ये तिला तोड नाही. वास्तूंचे फोटो काढणाऱ्याने दुसरीकडे बघूच नये. एक अडचण: तिचा फिल्टर ४३ मिमीचा, म्हणजे पिवळा आणि नारिंगी फिल्टर पुन्हा विकत घ्यावा लागणार. एफ/२ हवीच असेल तर कोसिनाची २०१९ची अल्ट्रॉन आहे, १७० ग्रॅमची, ३९चाच फिल्टर, आणि समिक्रॉनच्या नावाचा बोजा नाही.

कोसिनाचीच एफ/१.४ची नॉक्टन ३५ इतक्या छोट्या आकारात मिळते हे नवलच आहे. रात्रीच्या फोटोंत उघड्या ॲपर्चरला ती दिव्यांभोवती एक तेजाचं वलय पसरवते, काहींना ते फार आवडतं. पण ती सरळ रेघा बाहेर फुगवते, आणि ॲपर्चर बंद करत नेलं की फोकस किंचित मागे सरकतो. गजांच्या खिडकीसमोर उभं राहून एक फोटो काढला की समजतं.

पैसे कमी असतील तर सोव्हिएत ज्युपिटर-१२ आहे, बेर्टेलेंच्या ३५च्या बिओगॉनवरूनच केलेली. तिचं फुगीर मागचं भिंग माउंटच्या बाहेर आलेलं असतं. टेबलावर तशीच ठेवली की चरा पडलाच म्हणून समजा, आणि काही कॅमेऱ्यांत ते आतल्या भागांना टेकतं. लावताना जोर करू नये. चांगली प्रत मिळाली तर कृष्णधवल फोटो फार सुरेख येतात. प्रतीप्रतीत फरक मात्र खूप.

२८मध्ये खेळाडू कमी, पण लढत चुरशीची. लायकाने २००६ साली एल्मारिट एफ/२.८ नव्याने केली, ॲस्फेरिकल. १८० ग्रॅम, ३० मिमी लांब, ३९चा फिल्टर. बोट ठेवावं असं काही नाही. महाग आहे इतकंच. २०१६ साली कंपनीने १९५५ची समारॉन २८ मिमी एफ/५.६ पुन्हा काढली. अवघी १८ मिमी जाडी, १६५ ग्रॅम. कोपरे काळवंडतात, मध्य कोरल्यासारखा येतो. एफ/५.६ ऐकून घाबरू नये. ४०० आयएसओची फिल्म असेल तर दुपारच्या सावलीत एफ/५.६ आणि १/१२५ आरामात मिळतं. मात्र संध्याकाळी सहानंतर ती खिशात ठेवायची. घरात, लग्नात, देवळात फोटो काढणाऱ्याला ती पुरणार नाही.

मधला रस्ता कोसिनाचाच. त्यांची २८ मिमी कलर-स्कोपार एफ/३.५, पितळी अंगाची, १६३ ग्रॅमची, फार देखणी. आणि अलीकडची एफ/२.८, जिची ॲल्युमिनियमची आवृत्ती शंभर ग्रॅमच्या जराशी वर भरते. झाइसची २८ मिमी बिओगॉन एफ/२.८ कामाला पक्की, पण आकाराने या घोळक्यात थोरली. सीएलईबरोबर आलेली एम-रोक्कोर २८ मिमी एफ/२.८ आकाराने आदर्श. तिचा एक जुना आजार सगळ्यांना माहीत आहे: पुढच्या भिंगाच्या आत कडेने पांढरे ठिपके पडतात. कडेला चार ठिपके असतील तर फोटोत काही दिसत नाही. दाट जाळं झालं की उजेडासमोर काँट्रास्ट मरतो.

२१साठी मी फार वेळ घेत नाही. कोसिनाची कलर-स्कोपार एफ/४, १३६ ग्रॅम, हीच बहुतेकांसाठी उत्तर. झाइसची सी-बिओगॉन एफ/४.५ रेघांच्या बाबतीत तिच्याहून सरस. जुन्या श्नायडरच्या सुपर-अँग्युलॉन, १९५८ची एफ/४ आणि १९६३ची एफ/३.४, देखण्या आहेत, पण त्यांचं मागचं भिंग इतकं आत जातं की कॅमेऱ्यातल्या मीटरला प्रकाश नीट पोचत नाही. हातातलं मीटर वापरायची सवय असेल तरच घ्याव्यात. एम ५ आणि लायका सीएलमध्ये तर मीटर एका हलत्या दांड्यावर बसवलेलं आहे. तिथे अशी खोल लेन्स लावण्याआधी दहा वेळा चौकशी करावी.

ॲपर्चरबद्दल एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. एफ/२.८ आणि एफ/१.४ यांत दोन स्टॉपचा फरक. आरसा नसलेला कॅमेरा हातात थरथरत नाही, त्यामुळे २८ किंवा ३५ लावून १/१५ला स्वच्छ फोटो काढणं थोड्या सरावाने जमतं. एक स्टॉप तिथे भरून निघाला. ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म १६००ला ढकलली की आणखी दोन. आणि वाइड लेन्स घेऊन पार्श्वभूमी पुसून टाकायची असेल, तर मुळात वाइड का घेतली? तिचं काम माणूस आणि त्याचा परिसर एकत्र आणायचं. एफ/१.४ची जाड काच वाहून, खिडकीचा कोपरा गमावून, शेवटी एफ/८ला फोटो काढणारे मी कितीतरी पाहिले आहेत.

एफ/८वर वाइड लेन्स काय करते ते पाहा. २८ मिमी, एफ/८, फोकस २ मीटरवर: सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं रेखीव. ३५ मिमीवर तेच: साधारण १.४ ते ३.३ मीटर. २८ला फोकस ३.३ मीटरवर ठेवला की पावणेदोन मीटरच्या आतून थेट क्षितिजापर्यंत. म्हणून छोट्या लेन्सच्या कडीवरचा बोटाचा कान मला फार मोलाचा वाटतो. कडीच्या खाली अर्धचंद्रासारखा खळगा असतो, त्यात मधलं बोट बसतं. काही दिवसांनी बोटालाच अंतर कळू लागतं: कान सरळ खाली म्हणजे दीडेक मीटर, डावीकडे वळला की दोन हातांवर, उजवीकडे कलला की रस्त्यापलीकडे. प्रत्येक लेन्सचा कान वेगळ्या जागी असतो, म्हणून आपल्या लेन्सचा पाठ करावा. कॅमेरा डोळ्यापर्यंत येईतो फोकस झालेला असतो. मंडईत भाजी तोलणाऱ्या मावशींचा चेहरा हसण्याच्या आधीच्या क्षणी मिळतो तो असाच. कोसिनाने पहिल्या बेसाबरोबर काढलेल्या २५ मिमीच्या लेन्सला तर रेंजफाइंडरशी जोडणीच ठेवली नव्हती. तिच्या कडीला ठरावीक अंतरांवर टिकटिक थांबे होते.

जुनी स्क्रू माउंटची लेन्स एम कॅमेऱ्यावर लावता येते, आणि तीही फोकस न बिघडवता. स्क्रू माउंटचं फिल्मपासूनचं अंतर २८.८ मिमी, एमचं २७.८. बरोबर एक मिलिमीटरची कडी मध्ये बसवली की काम झालं. फक्त कडी योग्य घ्यावी, कारण खिडकीत कोणती चौकट यायची ते तीच ठरवते: ५० आणि ७५ची एक, ३५ आणि १३५ची दुसरी, २८ आणि ९०ची तिसरी. २८ची लेन्स ५०च्या कडीवर चढवली तर खिडकीत ५० दिसेल. या एका मिलिमीटरमुळे कॅननच्या १९५०च्या दशकातल्या २८ आणि ३५ आजही खुल्या आहेत. त्या आकाराने छोट्या, धातूच्या, आणि अजून आवाक्यात.

जुनी लेन्स घेताना आपल्या हवेचा विचार आधी करावा. जर्मनीत किंवा जपानमध्ये कोरड्या कपाटात साठ वर्षं धड राहिलेली लेन्स मुंबईत किंवा रत्नागिरीत एका पावसाळ्यात बुरशी धरू शकते. विक्रेत्यासमोर ॲपर्चर पूर्ण उघडावं, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका धरावा आणि पुढून बघावं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले तर लेन्स परत द्यावी. धुक्यासारखा एकसारखा पापुद्रा असेल तर तो बहुधा साफ होतो. ॲपर्चरची पाती तेलकट, फोकसची कडी जड, या गोष्टी दुरुस्त होतात. चुकीच्या हाताने उघडून काचांचं केंद्र हललेली लेन्स सहसा दुरुस्त होत नाही. तिची खूण म्हणजे स्क्रूच्या खाचांवरचे चकाकते ओरखडे. मग कॅमेऱ्यावर लावून खिडकीतून बघावं, हूडसकट, उजव्या खालच्या कोपऱ्यात.

माझ्याकडे आता कलर-स्कोपार ३५ आणि त्याच कंपनीची २८ आहे, दोघींना एकच फिल्टर. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात जातात, निळ्या सिलिका जेलबरोबर. जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करायचं. आठवड्यातून एक दिवस दोन्ही बाहेर काढतो, झाकण न लावता अर्धा तास उजेडाच्या खिडकीत ठेवतो, कड्या दोन्ही टोकांपर्यंत फिरवतो. त्याच आठवड्याचा रोल पावसातही निघतोच.